मजला चढविण्याआधी पाया पाहा



गळीत हंगाम आटोपतो, उसाचे बिल खात्यावर जमा होते आणि आपल्या कार्यक्षेत्रात लगेच दुसरा हंगाम सुरू होतो. तो म्हणजे घरदुरुस्तीचा. कुणी पत्रे काढून स्लॅब टाकतो, कुणी पडवी मोडून दोन खोल्या काढतो, कुणी चाकणच्या कंपन्यांतील कामगारांना भाड्याने देण्यासाठी आहे त्याच घरावर एक मजला चढवितो. यात गैर काहीच नाही. घामाचा पैसा आहे, तो घरात घालावा असे कुणालाही वाटणारच. शिवाय उसाचे पैसे वर्षातून दोन-तीनदा येतात, भाडे महिन्याच्या महिन्याला येते. ज्याच्या घरी शिकणारी पोरे आहेत त्याला या चार पैशांची किंमत आम्ही सांगायला नको.

परंतु या कामांत एक गोष्ट आम्हांस वरचेवर दिसते आणि ती खटकते. फरशी कोणती घ्यायची, रंग कोणता मारायचा, जिन्याला कठडा कसला बसवायचा, यावर घरात आठ-आठ दिवस खल होतो. घर ज्याच्यावर उभे आहे तो पाया कसला आहे, किती खोल आहे, कोणत्या मातीत आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. मग दोन पावसाळे जातात. भिंतीला कमरेपर्यंत ओल चढते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकते आणि गवंड्याच्या नावाने बोटे मोडणे सुरू होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याकडच्या पावसाळी, ओल्या हवेत घरात कोणता बदल करता येईल हे आधी घराचा पाया ठरवितो, मग आपला खिसा. म्हणून दुरुस्तीचा पहिला रुपया पाया उकरून पाहण्यावर खर्च झाला पाहिजे.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गाव बसे ते पांढरीत, बहुधा उंचवट्यावर. काळीत घर बांधायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. एक तर कसाची जमीन घराखाली अडकवायची नाही. आणि दुसरे, काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे नांगरामागे चालणाऱ्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

आज गावठाण अपुरे पडले. भावाभावांच्या वाटण्या झाल्या. रस्त्याकडेच्या जमिनीला सोन्याचे मोल आले. त्यामुळे घरे पांढरीतून उठली आणि काळीत आली. उसाच्या बांधावर, विहिरीशेजारी, पाटाच्या कडेला. हे आपल्या शेजारी एकदा घडून गेले आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग मोटारींचे कारखाने आले. पिंपरी-चिंचवडची १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. भोसरी, आकुर्डी, चिंचवड ही शेतीची गावे होती. तिथे अर्ध्या-एक गुंठ्यावर चाळी उठल्या आणि चाळींवर मजले चढले. तीच लाट पुढे खेड तालुक्यात आली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. आज कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या बाजूला फेरी मारली तर जिथे काल पीक डोलत होते तिथे आज तीन-तीन मजली खोल्या दिसतात. या खोल्यांत विदर्भ-मराठवाड्यातली, उत्तर प्रदेश-बिहारमधली माणसे राहतात. त्यांचा जीव आपल्या पायावर आहे, ही गोष्ट भाडे घेताना लक्षात ठेवावी लागेल.

ओल येते कुठून

पश्चिमेकडे लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पुण्याला साधारण सातशे-साडेसातशे. आपला मुलूख या दोहोंच्या मध्ये. मावळाकडून शिरूरकडे जावे तसा पाऊस कमी होतो. पण जून ते सप्टेंबर हवा सगळीकडेच दमट असते आणि ओली भिंत वाळत नाही.

दिव्याची वात जशी तेल वर ओढते तशी वीट आणि माती जमिनीतले पाणी वर ओढते. हवा कोरडी असली की हे पाणी वाटेतच उडून जाते. हवा दमट असली की ते अधिक वर चढते. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी वाळते आणि क्षार मागे राहतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. लोणा जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत असेल तर ओल पायातून येते आहे. डाग छताकडून खाली उतरत असेल तर दोष स्लॅबचा किंवा पत्र्याचा आहे. एवढे ओळखता आले तरी निम्मा वायफळ खर्च वाचतो. पायातून चढणाऱ्या ओलीवर भारी रंग लावणे म्हणजे फुटलेल्या पाटाला चिखल लिंपण्यासारखे आहे. पाणी दुसरीकडून वाट काढतेच.

आता पायाच्या जाती पाहू. आपल्या भागात ढोबळमानाने चार सापडतात.

पहिली जात : दगड-मातीचा पाया

जुने वाडे आणि खणांची घरे या पायावर आहेत. रुंद दगडी पाया, त्यावर दोन-तीन फूट उंच जोते, वर दीड-दोन हात जाडीची भिंत आणि माळ्याचे ओझे लाकडी खांब-तुळयांवर. या बांधणीत मोठे शहाणपण होते. जोते उंच असल्याने पावसाचे शिंतोडे भिंतीला लागत नसत. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा आणि सारवलेली जमीन श्वास घेई; आत आलेली ओल बाहेर पडे.

या घराचे दोन वैरी. पहिला वैरी म्हणजे साचलेले पाणी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात मुठेकाठच्या पेठांतील मातीत बांधलेली घरे मोठ्या संख्येने ढासळली. दगडांना धरून ठेवणारी माती भिजली की दगड कितीही घडीव असो, तो सुटतो. पूर नको, घराच्या कोपऱ्याला फुटलेला नळ आणि तुंबलेले गटार हेच काम सावकाश करतात. दुसरा वैरी आपण स्वतः आणतो. तो म्हणजे सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत फरशी. जमीन बंद केली की खालची ओल भिंतीकडे वळते; भिंतही सिमेंटने बंद केली की ओल आतच कोंडते आणि आणखी वर चढते. तीन-चार वर्षांत गिलावा पोपडे धरून पडतो, सोबत भिंतीची मातीही घेऊन येतो.

अशा घरात काय करता येईल? चुन्याने दर्जा भरणे, कुजलेली तुळई बदलणे, हलके छप्पर घालणे, जोत्याभोवती पाण्याला उतार देणे, हे सगळे जरूर करावे. वर स्लॅब टाकणे किंवा मजला चढविणे करू नये. मजलाच हवा असेल तर नव्या पायावर नवे घर बांधावे.

इथे वाटण्यांचाही विचार हवा. एका वाड्याचे तीन भाऊ धनी असतात. मधला आपला खण पाडून कॉलम उभे करतो. त्यासाठी सामाईक भिंतीच्या कडेला सहा फूट खड्डा काढतो आणि तो खड्डा उघडा असतानाच पहिला पाऊस येतो. धाकट्याची भिंत मग कशाच्या आधारावर राहणार? सामाईक भिंतीजवळ खोदायचे तर चार-चार फुटांचे तुकडे, एकाआड एक, आणि पावसाळ्यापूर्वी बुजवून झाले पाहिजेत. भावकीतले अबोले टाळण्याचा हाही एक उपाय आहे.

दुसरी जात : अनगड दगडाचा पाया, वर विटांची भिंत

गेल्या पिढीत बांधलेली बहुतेक घरे या जातीची. तीन-चार फूट खोल चर, त्यात अनगड दगड, वर नऊ इंची भिंत आणि भिंतीवर स्लॅब. इथे कॉलम नाही. भिंत हाच खांब. पाया मुरमावर टेकला असेल तर हे घर उत्तम.

पण मजला चढविण्याआधी ओझ्याचा हिशेब करा. दहा बाय दहाची एक सुटी खोली, नऊ इंची भिंती दहा फूट उंच आणि वर चार इंची स्लॅब धरला तर सारे मिळून अठरा-वीस टन भरते. म्हणजे उसाने गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या तुम्ही जुन्या भिंतींवर कायमच्या उभ्या करणार. चार खोल्या काढल्या, तर भिंती सामाईक धरूनही पन्नास-साठ टनांचे ओझे. काट्यावर दोन क्विंटलचा फरक आला तर आपण हुज्जत घालतो आणि घरावर पन्नास टन चढविताना हिशेब मागत नाही, याला काय म्हणावे?

दुसरा धोका तळमजल्यावर. रस्त्याकडेच्या घरात दुकानाचा गाळा काढायचा म्हणून पुढची भिंत फोडून शटर बसवितात. जी भिंत वरचे ओझे पायापर्यंत पोचविते तीच काढली तर ओझे जाणार कुठे? मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे दगावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात आधारांना धक्का लावला, असा आरोप त्या वेळी झाला. महिना जुलैचा, ऐन पावसाळ्याचा, हेही विसरू नये.

या पायाच्या घरात ओलबंद थर, म्हणजे गवंडी ज्याला डीपीसी म्हणतात तो, आहे की नाही हे पाहावे. नसेल तर पायातली ओल विटांतून वर चढणारच. जोत्याच्या उंचीवर थोडी थोडी भिंत कापून तो नंतरही घालता येतो. मात्र काम कष्टाचे आहे आणि जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

तिसरी जात : कॉलम आणि फुटिंग

हल्लीची बांधकामे या पद्धतीची. 'कॉलमचं घर आहे, कितीबी मजले चढवा,' असे सर्रास म्हटले जाते. हे खरे नाही. कॉलमखालचे फुटिंग दोन मजल्यांच्या हिशेबाने घातले असेल तर ते दोनच मजल्यांचे आहे. ते जमिनीत गाडले गेले की आकार दिसत नाही आणि नकाशा घरात सापडत नाही. सातबारा जसा जपून ठेवतो तसा बांधकामाचा नकाशा ठेवावा, ही आमची आग्रहाची सूचना.

पुढच्या मजल्यासाठी छतावर सोडलेल्या सळया हा आणखी एक विषय. आठ-दहा पावसाळे उघड्यावर भिजलेली सळई गंजून बारीक होते, तिचे पापुद्रे निघतात. तिलाच जोड देऊन नवा कॉलम उभारणे म्हणजे किडलेल्या कांडीची लागण करणे. सळया सोडायच्या तर त्यांना सिमेंटचा लेप देऊन झाकावे. गंजल्या असतील तर इंजिनिअरला दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या घरांत फरशी खचल्याची तक्रारही नेहमीची. तिथे कॉलम जागच्या जागी असतो. जोत्यात घातलेला भराव थराथराने पाणी मारून धुमसलेला नसतो, तो पावसाळ्यात बसतो. त्यावर पुन्हा नवी फरशी बसविण्यात अर्थ नाही. आधी भराव नीट करावा.

चौथी जात : काळीत घातलेला उथळ पाया

सगळ्यात अवघड हीच. इंद्रायणी, भामा, भीमा यांच्या काठी काळी माती खोलवर जाते. तीन-चार फुटांवरचा पाया काळीतच टेकतो आणि मातीबरोबर वर्षातून एकदा वर-खाली होतो. भेग वैशाखात रुंद होत असेल आणि भाद्रपदात मिटत असेल, तर समजावे की खालची माती हलते आहे. त्यातून घराच्या एका अंगाला ऊस असेल आणि त्याला बारमाही पाणी चालू असेल, तर ते अंग ओले आणि दुसरे कोरडे. एका बाजूची माती फुगलेली आणि दुसरीकडची आक्रसलेली असली की मधली भिंत तडकते. सिमेंटची पोती ओतून ही भेग भरत नाही.

अशा घराची पहिली दुरुस्ती पाण्याची आहे. पाट, शोषखड्डा आणि न्हाणीचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. घराभोवती तीन-चार फूट रुंदीची पक्की फरसबंदी करून तिला बाहेर उतार द्यावा. पागोळ्यांचे पाणी पन्हाळीने लांब सोडावे. वड-पिंपळ-उंबराची झाडे भिंतीलगत वाढू देऊ नयेत. एवढे करून दोन पावसाळे भेगेवर नजर ठेवावी आणि मगच गिलावा-रंगाला हात घालावा. शेजारी नवी खोली काढायची तर ती जुन्या भिंतीला घट्ट बांधू नये. मध्ये सांधा सोडावा; नवा पाया आणि जुना पाया एका चालीने बसत नाहीत.

नवे घर काळीतच बांधणे भाग असेल तर काळी काढून मुरमापर्यंत जावे. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी कंदासारखा फुगीर गोळा असलेले खांब जमिनीत घालण्याची पद्धत आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तिचा पुरस्कार केला. असे खांब साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्याखाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. खर्च आहे, पण दर पाच वर्षांनी भिंत लिंपण्याहून स्वस्त आहे.

आक्षेप आणि उत्तर

काही सभासद म्हणतील, जुने दगडी पाये शंभर-शंभर वर्षे टिकले, तुम्ही उगा भीती घालता. पाये टिकले हे खरे, कारण त्यांच्यावर जेवढे झेपेल तेवढेच ओझे होते आणि त्यांच्या मुळाशी कुणी पाणी घातले नव्हते. आपल्या चाकणचा संग्रामदुर्ग आठवा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शायिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजविला. अखेर खानाने बुरुजाखाली सुरुंग नेऊन तो उडविला, तेव्हा वाट मोकळी झाली. भक्कम बुरूजही खालूनच पडतो.

दुसरे म्हणतील, इंजिनिअरची फी कोण देणार, आमचा गवंडी जुना-जाणता आहे. गवंड्याच्या हाताचा आम्हांस आदर आहे. पण तो भिंत ओळंब्यात उभी करतो. खालची माती किती ओझे पेलेल हे सांगणे त्याचे काम नव्हे. आणि फीचे म्हणाल तर जिन्याच्या कठड्यावर होतो त्याहून हा खर्च बहुधा कमीच असतो.

आमची मागणी

लागणीपूर्वी आपण माती परीक्षण करतो. खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे बुडखा आणि मुळ्या पाहून ठरवितो. शेतीत जे शहाणपण वापरतो ते घराच्या बाबतीत का वापरू नये? म्हणून संचालक मंडळास आमची विनंती आहे :

(१) कारखान्याच्या स्थापत्य विभागातील जाणकाराने जानेवारी ते मे या काळात प्रत्येक गट कार्यालयात महिन्यातून एक दिवस सभासदांना सल्ला द्यावा.

(२) त्यासाठी सभासदांकडून माफक फी घ्यावी. फुकटचा सल्ला कुणी मनावर घेत नाही आणि कारखान्यावरही बोजा पडू नये.

(३) ऊस विकास विभागाच्या मेळाव्यात खत-बेण्याबरोबर घराच्या पायाचाही विषय एकदा घ्यावा. त्या वेळी भगिनींना आवर्जून बोलवावे. कोणती भिंत कोणत्या महिन्यात ओलावते, हे घरात सगळ्यांत आधी त्यांनाच कळते.

सभासदांनी स्वतःही एवढे करावे. उन्हाळ्यात घराच्या एका कोपऱ्याशी दोन-तीन फूट रुंदीचा खड्डा पायाच्या तळापर्यंत घ्यावा. पाया कशाचा, किती खोल, किती रुंद आणि खाली मुरूम की काळी, हे वहीत लिहून ठेवावे. खड्डा त्याच दिवशी धुमसून बुजवावा. भेगांवर पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी आणि पावसाळा सरल्यावर ती पुन्हा पाहावी. ती वही घेऊन इंजिनिअरकडे जावे, आणि मगच वाळू-सिमेंटचा दर विचारायला दुकानात. मजला चढविण्याचा विचार असेल तर रीतसर परवानगी काढावी. त्या निमित्ताने तरी नकाशा होतो आणि कुणीतरी जबाबदारी घेते.

यंदा ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांनी पावसाआधीच हा खड्डा घ्यावा. खड्ड्यात मुरूम लागला तर आनंदच आहे. काळी लागली तर एक वर्ष थांबावे, पाण्याची व्यवस्था करावी, पैसे बँकेत ठेवावेत. मजला वर्षाने चढला तर कुणाचे बिघडत नाही.